पाच महिने, एक एपिसोड

आण्णा, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्ही जाऊन एकतीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दल वाईट शब्द मी कधी काढला नाही, दुसऱ्या कोणाला काढू दिला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं आई म्हणायची. पण आता तीही गेली, दीड वर्ष झालं, तेव्हा मला गप्प करणारं कोणी उरलेलं नाही. बर्लिनमधल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. खाली अरबी न्हाव्याचं दुकान आहे, तिथे दिवसभर भिंतीवरच्या टीव्हीत कोणीतरी कोणाच्या तरी नावाने गळा काढत असतं. रमजान तोंडावर आलाय, त्यामुळे येऊ घातलेल्या मालिकांच्या जाहिराती सारख्या चालू आहेत. गिऱ्हाइकं अर्धी दाढी झालेली असताना मान वळवून बघतात आणि न्हावी ओरडतो. मला वर बसून नुसत्या आवाजावरून कळतं, कुठली मालिका कैरोची, कुठली दमास्कसची, कुठली तुर्की उचलून अरबीत बोलती केलेली. हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, आण्णा. मी अरबी टीव्ही मालिकांवर संशोधन करते, त्यावर इथल्या पोरांना शिकवते. आणि ह्या उद्योगाला मी लागले ती तुमच्यामुळे.

तुम्ही कोल्हापूरच्या स्टुडिओत साउंडवर होतात. तिथलं काम आटत गेलं आणि तुम्ही आखातातल्या एका सरकारी टीव्ही केंद्रात गेलात. गल्लीत सगळे ‘दुबईला’ म्हणायचे, गाव दुबई नव्हतं तरी. फोन परवडायचा नाही, आणि पत्र लिहायचा तुम्हाला कंटाळा. ‘लिहिलेलं मुकं असतं’ म्हणायचात. म्हणून मग कॅसेटी. तुम्ही पाठवलेला टेपरेकॉर्डर आई स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवायची. महिन्याला एक कॅसेट तुमची यायची, कोणीतरी सुट्टीवर येणारा घेऊन यायचा, आणि एक आमची जायची. रविवारी दुपारी जेवणं झाली की आई लाल बटण दाबून घसा खाकरायची आणि एकदम पुस्तकी बोलायला लागायची, ‘आम्ही सर्व येथे कुशल आहोत.’ धाकटा पाढे म्हणायचा. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची आणि आई कुकरवर चिडायची, तेही त्यात जायचं. एकदा मी तुमच्या जुन्या कॅसेटीवर रेडिओवरची गाणी घेतली, तेव्हा सुट्टीवर आल्यावर तुम्ही मला केवढं झापलं होतं! ‘माणसाचा आवाज पुसायचा नसतो,’ म्हणालात. अजून ऐकू येतं ते. उरलेल्या टेपवर तुम्ही तिकडची अरबी गाणी भरून पाठवायचात, ती मला शब्द न कळता तोंडपाठ होती. आणि तुम्ही बोलत असताना तुमच्या पाठीमागे, शेजारच्या खोलीत, कोणीतरी टीव्ही लावलेला असायचा. व्हायोलिनं वाजायची, बाई रडायची, कोणीतरी दार आपटायचं. मी धाकट्याला गप्प करून ते मागचं ऐकायचे. तुम्ही कुठे राहता त्याचा मला तेवढाच पत्ता होता.

मी सातवीत होते त्या वर्षाचं सांगते. श्रावणात आईचं अंगावरून जाणं थांबेना. भिंतीला धरून चालायची, पण तुम्हाला कळवायचं नाही असं तिने आम्हाला शपथ घालून सांगितलं होतं. ‘परक्या मुलखात एकट्या माणसाच्या जिवाला घोर कशाला?’ तिने आपल्या बाजूला नेहमीचं कुशल-मंगल भरलं आणि ती दळणाला गेली. मी दार लावून कॅसेट उलटी घातली. मला ते शब्द आजही पाठ आहेत. ‘आण्णा, आईनं सांगू नको म्हटलंय, पण तिला रक्त जातंय खूप. मिरजेला नेणार आहेत. ऑपरेशन आहे. तुम्ही या. आल्यावर मी सांगितलं म्हणून सांगू नका.’ मग कॅसेट होती तशी ठेवून दिली आणि तुमची वाट बघायला लागले. तुम्ही नाही आलात. मावशी आली. आईचं ऑपरेशन झालं, पिशवी काढली, ती वाचली. आणि सप्टेंबरची तुमची कॅसेट आली. सगळ्यांची विचारपूस करून झाल्यावर तुम्ही माझं नाव घेतलंत आणि म्हणालात, ‘बाळ, तुझं सगळं ऐकलं मी. घाबरायचं नाही. आईला जपायचं. मी लांब असलो तरी कान तिकडंच आहेत माझे.’

आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी मात्र तिच्याकडे चोरून बघितलं. तिच्यासमोर, तिला कळू न देता, तुम्ही मला उत्तर दिलं होतं! बारा वर्षांच्या पोरीला याहून मोठं काय मिळणार? तुम्ही का आला नाहीत ते मी विचारलं नाही. तुम्हाला माहीत होतं आणि जमलं नसेल, एवढं मला पुरलं. पुढे आयुष्यभर आई कोणाशीही बोलताना म्हणायची, ‘त्यांना कुठं माहीत होतं? कळलं असतं तर पळत आले असते.’ मी मूग गिळून बसायचे. तुम्हाला माहीत होतं हे तिला कळलं असतं तर तिच्या मनातून तुम्ही उतरला असता. तुम्हाला मी सांभाळलं, आण्णा. तुम्ही परत आलात, चार वर्षं घरात वावरलात, तेव्हाही मी विषय काढला नाही. आपल्या दोघांचं गुपित आहे आणि ते बोलायचं नसतं, असं धरून चालले. तुम्ही गेलात त्या दिवशी सगळ्यांत जास्त रडले ती मी, आणि त्यातलं अर्धं रडू त्या एका वाक्याचं होतं.

मग पुण्यात अरबी शिकले, डॉक्टरेटसाठी बर्लिनला आले आणि इथलीच झाले. कोल्हापूरची बाई आणि अरबी मालिका, हे कोडं इथे सगळ्यांनाच पडतं. प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक भाषणाच्या आधी विचारतात. मी कॅसेटींची गोष्ट सांगते आणि लोक हळहळतात. जर्मन माणसाला हळहळायला लावणं सोपं नसतं, पण ह्या गोष्टीला ते हमखास हळहळतात. माझ्या पुस्तकाची अर्पणपत्रिका मराठीत छापून घेतली आहे मी, प्रकाशकाशी भांडून. ‘माझं सगळं ऐकणाऱ्या आण्णांना.’ आता दुसरी आवृत्ती निघतेय आणि दुरुस्त्या असल्या तर कळवा, असं पत्र आलंय. दुरुस्त्या! काय सांगू त्यांना?

आई गेल्यावर धाकट्याने घर आवरलं. कपाटात साडीच्या पिशवीत कॅसेटी सापडल्या, त्या मी इकडे घेऊन आले. आमच्या इन्स्टिट्यूटच्या ध्वनिसंग्रहात एक सीरियन गृहस्थ आहेत. दमास्कसला परभाषेतल्या मालिकांना अरबी आवाज द्यायच्या स्टुडिओत त्यांची हयात गेली. युद्धात स्टुडिओ गेला आणि ते इथे आले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, ते मला दुक्तोरा, म्हणजे डॉक्टरबाई. त्यांना म्हटलं, ह्यांची जरा नीट प्रत करून द्या. चार दिवसांनी लहान पोराला जत्रेत सोडावं तसे हरखून माझ्या खोलीत आले. ‘दुक्तोरा, तुमच्या वडिलांनी खजिना ठेवलाय!’ तुमच्या पाठीमागचा टीव्ही, आण्णा. मशीनवर तुमचा आवाज बाजूला काढून त्यांनी मागचा वर आणला होता. एका इजिप्शियन मालिकेचं टायटल म्युझिक निघालं. अलेक्झांड्रियातली एक विधवा, तिचं कापडाचं दुकान आणि ते गिळायला टपलेला दीर. त्या काळी सरकारी केंद्रं एकाच टेपवर पुढचा कार्यक्रम चढवायची, हे तुम्हाला मी काय सांगणार. त्यामुळे ह्या मालिकेचे काही भाग जगात कुठेच उरलेले नाहीत. एकोणिसावा तर नाहीच नाही. ‘आणि तो एकोणिसावा तुमच्या घरात आहे,’ उस्ताद म्हणाले. ‘तुकड्यातुकड्यांत आहे, पण मी जोडतोय.’

मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी तुकडे एका रांगेत लावले होते. पहिला जुलैच्या कॅसेटीतला, मग ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. लेबलं तुमच्याच अक्षरातली, प्रत्येकावर महिना. त्यांनी बटण दाबलं. सप्टेंबरच्या शेवटी ती विधवा नोकराला हाक मारून चहा मागवते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बशीवर कप वाजतो आणि ती म्हणते, साखर जास्त घातलीस. नोव्हेंबरमध्ये दीर तोच चहा न पिता उठून जातो. उस्ताद जोडकामावर खूश होते. ‘बघा, मध्ये पाच-सात सेकंद पण तुटत नाहीत!’ असं म्हणत त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ‘लेबलं चुकली असतील,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘आमच्या वडिलांची लेबलं चुकायची नाहीत.’ ‘गेनाऊ,’ म्हणजे ‘बरोबर’, असं काहीतरी जर्मनमध्ये पुटपुटले आणि चहा आणायला बाहेर गेले. बिचारे! त्यांची काय चूक?

रमजानच्या मालिका कशा असतात हे मी पोरांना पहिल्याच तासाला शिकवते, आण्णा. तीस दिवस, तीस भाग, इफ्तार झाल्यावर रोज एक. अख्खा मुलूख एकाच वेळी एकच गोष्ट बघतो आणि ईद झाली की संपलं. आता लोक मोबाइलवर बघतात, पंधरा भागांत गुंडाळतात आणि टायटल तर कोणी पूर्ण ऐकतही नाही, पण तेव्हा तसं नव्हतं. दुसऱ्यांदा ती मालिका तिथे लागली नाही, हे माझ्याच पुस्तकात तळटीपेत लिहिलंय, मी स्वतःच तपासलंय. त्या वर्षीचा रमजान मे-जूनमध्ये होता. म्हणजे एका संध्याकाळी, पाऊण तासात, शेजारच्या खोलीत एकोणिसावा भाग चालू असताना, तुम्ही पाच महिन्यांची माया भरून ठेवलीत. गणपतीला मोदक करा. सहामाहीचे पेपर बरे गेले ना, मला माहीतच होतं. दिवाळीत फटाके जपून उडवा. आणि ‘तुझं सगळं ऐकलं.’ ते तुम्ही म्हणालात तेव्हा आई धडधाकट होती. ‘घाबरायचं नाही’ ते परीक्षेला! मी काही बोललेच नव्हते, आण्णा. काय ऐकलंत तुम्ही?

आणि यात मला सगळ्यात काय झोंबतं सांगू? तुम्ही हे लपवलंसुद्धा नव्हतंत. एका सुट्टीत जेवताना तुम्ही सांगितलं होतं की केंद्रावर रमजानच्या आधी निवेदकाचं महिन्याभराचं बोलणं एका दिवसात घेऊन टाकतात. तो आत जाऊन कोट बदलतो, बाहेर येऊन ‘शुभ संध्याकाळ’ म्हणतो, परत कोट बदलतो. ‘आणि बघणाऱ्याला वाटतंय, रोज आपल्यासाठी आलाय!’ असं म्हणून तुम्ही हसलात, आम्हीही पोट धरून हसलो. आई म्हणाली, ‘लोकांच्या तोंडाला पानं पुसता की हो तुम्ही.’ तुम्ही म्हणालात, ‘अगं, कामाची पद्धत असते ती.’ माझ्या पुस्तकात त्यावर अख्खं एक प्रकरण आहे. आधीच भरून ठेवलेली आपुलकी प्रेक्षकाला आपली कशी वाटते, यावर! हसू येतंय मला. त्या प्रकरणाचं जर्मनीत कौतुक झालं.

धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, ‘सोड की गं ताई. लांब होते, दमत असतील, भरून टाकल्या एकदम. कॅसेट येत होती की नाही दर महिन्याला?’ येत होती, खरं आहे. रमजानात तुम्हाला दुप्पट पाळ्या असायच्या, त्या खोलीत चार-चार माणसं झोपायची, एखादा सुट्टीवर निघालेला दारात उभा असेल, हेही मला कळतं. ह्या विषयावर मी बोलायला लागले तर परगावच्या मजुरांच्या एकटेपणावर तासभर बोलेन, हातात कागद न घेता. पण मी तुमची संशोधक नाही, तुमची मुलगी आहे. पाच वेगवेगळ्या संध्याकाळी दहा मिनिटं बसला असता तर काय बिघडलं असतं? आणि बरं, भरल्यात तर भरल्यात. ‘सगळं ऐकलं’ कशाला म्हणायचं? न ऐकता ते कशाला म्हणायचं? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तरीही, सवय वाईट असते, मी तुमची बाजू घ्यायला लागले. म्हटलं, वाक्य आधीच म्हणाला असाल, पण माझी कॅसेट तुमच्या हातात पडली तेव्हा तुम्ही ऐकलीच असेल ना. ऐकून रात्रभर तळमळला असाल. मग तरी आला नाहीत ते का, हे एक राहतंच, पण निदान ऐकली असेल. एवढं मला हवं होतं. ते मिळालं असतं तर बाकीचं मी सोडून दिलं असतं, खरंच सांगते. पिशवीत आणखी एक कॅसेट होती. ती आमच्या ब्रँडची होती, तुमच्या नाही, म्हणून उस्तादांनी ती बाजूला ठेवलेली. वरच्या कागदावर आईचं अक्षर होतं, ‘पाठवायची नाही.’ मी एकटीने लावली. पहिल्या बाजूला आईचं कुशल-मंगल, दुसऱ्या बाजूला मी. ‘आण्णा, आईनं सांगू नको म्हटलंय...’ माझा तेव्हाचा आवाज इतका बारीक असेल असं मला वाटलं नव्हतं.

तिने ऐकली होती. दळणाहून आल्यावर कधीतरी तिने उलटून ऐकली, कोऱ्या कॅसेटीवर परत सगळं कुशल आहे म्हणून भरलं, ती पाठवली आणि ही कपाटात ठेवून दिली. पुसली नाही, तुमचा नियम पाळला. मला एका शब्दाने बोलली नाही. तुमचा सप्टेंबर वाजला तेव्हा ती तांदूळ निवडत होती, आणि त्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं की ते वाक्य मला उत्तर नाही. माझा चेहरा तिने पाहिला नसेल असं कसं म्हणू? तर आण्णा, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही आमच्याशी खोटं बोललात, पण माहीत असून न आल्याचा जो गुन्हा मी तुम्हाला इतकी वर्षं मनातल्या मनात माफ करत होते, तो तुमचा नव्हताच. आई खरं बोलत होती. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पळत आला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. ती सांगू शकायची. तिने स्वतःच कॅसेट अडवून ठेवली होती, त्यामुळे तिला ते मानता यायचं, आणि त्या एका गोष्टीवर तिने तुमच्याशिवायची एवढी वर्षं काढली.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. प्रकाशकाला अजून उत्तर दिलेलं नाही. सकाळी अर्पणपत्रिकेवर काट मारली, दुपारी पुन्हा ठेवली, आणि आता ती फाइल उघडायचंच बंद केलंय. पण इतका वेळ तुमच्यावर तोंड सोडलं, त्यात एक सांगायचं टाळत होते.

आईच्या शेवटच्या आठवड्यात मी कोल्हापूरला तिच्या उशाशी होते. नर्स सलाइन बदलून गेली आणि आईचं परत सुरू झालं, ‘मिरजेला होते तेव्हा ह्यांना कुठं माहीत होतं, कळलं असतं तर पळत आले असते.’ विमानाचा शीण होता, तीन रात्रींचं जागरण होतं, आणि ते वाक्य मी हजारदा ऐकलेलं. माझा तोल गेला. म्हटलं, ‘त्यांना माहीत होतं, आई. तेव्हाच माहीत होतं. नाही आले.’ तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, विचारेल, तुला कोणी सांगितलं. विचारलं असतं तर मी कॅसेटीचं बोलले असते, आणि तिनेही कपाटातलं सांगितलं असतं, आणि तिथेच सगळं मिटलं असतं. तिने विचारलं नाही. कॅसेट तिनेच अडवलेली, तेव्हा दुसऱ्या कोणीतरी कळवलं असेल असंच तिला वाटलं असणार. ‘माहीत होतं?’ एवढंच म्हणाली आणि कूस बदलली. त्यानंतर चार दिवस होती ती. पाणी मागायची, धाकट्याच्या मुलांची चौकशी करायची. तुमचं नाव काही तिने परत घेतलं नाही.